बँडची पावलं खरी किती? आप्पा रात्री अकराला हॉलमध्ये फिरालेत

शहापूरची_सून

नमस्कार, बेळगावच्या शहापुरातून. सासरे (आप्पा), वय 67, उंची 165 सें.मी. मधुमेहाची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. चार महिन्यांपूर्वी मनगटावरचा पावलं मोजणारा साधा बँड घेतला, जीपीएस नसलेला. लक्ष्य 10,000, बँडात होतं तेच ठेवलंय. आता घर बँडवर चालतं. दूध, पेपर आणि कोथिंबीर यांच्या तीन वेगळ्या फेऱ्या होतात. रात्री अकराला 9,300 दिसले की बाराच्या आत 700 भरायला हॉलमधल्या शहाबादी फरशीवर अनवाणी येरझाऱ्या सुरू. छत्री धरली की आकडा कमी भरतो, म्हणून पावसात छत्रीसुद्धा नको म्हणतात.

विचारायचं ते असं. खिशातला फोन 6,200 दाखवतो आणि बँड 8,100, खरं कुणाचं धरायचं? स्कूटरवर बाजारला जाऊन आलं तरी पावलं वाढतात, ती कुठून येतात? या वयाला 10,000 बरोबर आहे काय? आणि पंधरा दिवसांपासून सकाळी उठल्यावर पहिली चार-पाच पावलं टाकताना उजवी टाच दुखते. छंद मोडायचा नाही, फिरणं चांगलंच आहे. नीट कसं बसवायचं तेवढं सांगा.

तिसरं_गेट_टिळकवाडी

ताई, बँड पाय मोजत नाही, हात मोजतो. हे एकदा ध्यानात घेतलं की तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आत एक बारीक चिप असते. हात पुढे-मागे, वर-खाली, आडवा किती झटक्याने हलला हे ती तिन्ही दिशांनी सतत नोंदवते. माणूस साधारण सेकंदाला दीड ते अडीच पावलं टाकतो. त्या तालात सारखे झटके आले की बँड त्याला चालणं समजतो. बरेच बँड पहिली आठ-दहा पावलं लगेच धरत नाहीत. ताल टिकला तरच ती मागची एकदम जमा करतात. म्हणून दोन पावलं टाकून आकडा बघितला तर तो हललेला नसतो.

आता जे चालणं नाही पण ज्याचा ताल तसाच आहे, ते फुकट जमा होतं. जोंधळ्याची भाकरी थापताना हात सेकंदाला दोन-तीनदा पडतो, बँडला ते झपझप चालणं वाटतं. भजनातल्या टाळ्या, दिंडीतले टाळ, लेझीम, सगळ्यांचं तेच. वडगाव-खासबागेत कुणी हातमागावर बसत असेल तर त्याच्या बँडवर भरवसाच ठेवू नये, धोट्याचा (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीचा) दर झटका पावलात जाऊ शकतो. स्कूटरच्या इंजिनची थरथर फार जलद असल्याने बहुतेक गाळली जाते, पण खड्डे आणि गतिरोधक यांचे दणके हँडलवरच्या मनगटाला सावकाश बसतात, ते शिरतात.

उलट बाजूही बघा. पाय चालू पण हात स्थिर असेल तर पावलं बुडतात. छत्री, दोन्ही हातांत पिशव्या, जिन्याचा कठडा, ढकलगाडी. आणि ज्येष्ठांची हात पाठीमागे बांधून फिरायची सवय! सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर बघा, कितीजण तसे फिरतात. त्यांच्या बँडला अर्धी फेरी दिसतच नसेल. फार सावकाश, पाय घासत चालणाऱ्यांचंही कमी मोजलं जातं.

फोन कमी दाखवतो कारण तो घरात चार्जिंगला असतो, दिवसभर खिशात नसतो. म्हणून दोघांची तुलना करू नका. दोघांची परीक्षा घ्या, ती अशी.

सपाट, मोकळी जागा घ्या. सुरुवातीला थांबून आकडा लिहा. मग 200 पावलं चाला. मोजताना फक्त उजवा पाय मोजा, शंभर झाले की दोनशे. चुकायला होत असेल तर बँड नसलेल्या हाताच्या खिशात 10 शेंगदाणे ठेवा आणि उजव्या पायाची दहा झाली की एक तोंडात टाका. मध्येच मनगट उचलून बघायचं नाही, झोका तुटतो. थांबल्यावर मिनिटभर थांबून आकडा लिहा, कारण तो उशिराने चढतो. हे तीनदा करा. 200 ला 190 ते 210 आलं तर बँड चांगला आहे.

मग हेच चार प्रकारे करा: बँडच्या हातात छत्री, दुसऱ्या हातात छत्री, हात पाठीमागे, आणि हॉलमध्ये. स्कूटरसाठी निघताना आणि उतरल्यावर आकडा लिहा.

खानापूर_पायवाट

10,000 बद्दल. हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. 1965 मध्ये जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं मोजयंत्र विकायला आणलं, नाव ‘मानपो-केई’. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मोजयंत्र. 1964 चं टोकियो ऑलिम्पिक नुकतंच झालेलं, लोकांत व्यायामाची हवा होती. आकडा गोल होता, तोंडात बसला आणि साठ वर्षांनी शहापुरात रात्री अकराला आप्पांना उठवतोय.

अभ्यास नंतर झाले. 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या 16,741 स्त्रियांची पावलं मोजली. रोज 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यू स्पष्ट कमी होते, आणि फायदा 7,500 च्या आसपास सपाट झाला. 2022 मध्ये 15 अभ्यास एकत्र करून बघितलं, तेव्हा साठीच्या पुढच्यांना 6,000 ते 8,000 आणि साठीच्या आतल्यांना 8,000 ते 10,000 इथपर्यंत फायदा वाढताना दिसला. 10,000 चालले तर वाईट नाही. पण शेवटच्या 700 साठी झोप आणि टाच घालवण्यासारखं त्यात काही नाही.

माझा सल्ला: बँडात रोजचं लक्ष्य 7,500 करा आणि हिशेब आठवड्याचा ठेवा, 52,500. दिवसाचा आकडा रात्री बाराला शून्य होतो, येरझाऱ्यांचं मूळ तिथे आहे. पावसामुळे मंगळवारी 5,000 झाले तर ते गुरुवार-शुक्रवारी भरून निघतात, मंगळवारी रात्रीच नव्हे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे असंच चालायचं.

आकड्याइतकंच चालीकडे बघा. मिनिटाला 100 पावलं म्हणजे मध्यम व्यायाम. बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, ही त्याची खूण. अशी 30 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे 150 मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेने निदान तेवढं सांगितलंय. दिवसाच्या पावलांत अशी सलग 3,000 असली की बाकीची घरात-बाजारात कशीही झाली तरी चालतील.

आणि दूध-पेपर-कोथिंबिरीच्या तीन फेऱ्या बंद करू नका हो! मधुमेहाला त्याच उत्तम. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने 2016 मध्ये मधुमेहाच्या 41 रुग्णांवर बघितलं. दिवसातून एकदाच 30 मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर 10 मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यात जास्त फरक पडला. आप्पांना फिरायचंच आहे तर रात्री जेवून साडेआठला 10 मिनिटं गल्लीत फिरू द्या, हजारभर पावलं तिथेच झाली. मग अकराला काही उरतच नाही. गोळी कोणती आहे ते मात्र डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांवर चालणं वाढलं की साखर फार खाली जाऊ शकते. थरथर, घाम आला तर खिशात साखर किंवा ग्लुकोजची पूड हवी.

निपाणी_फिजिओ

टाचेचं सांगते. सकाळची पहिली पावलं दुखतात आणि नंतर सैल होतं, ही तळपायाच्या पट्ट्याला ताण बसल्याची नेहमीची खूण. दोन गोष्टी एकत्र आल्यात: चालणं एकदम वाढलं, आणि कडक फरशीवर अनवाणी.

हॉलचा हिशेब करा. 12 फुटी खोलीत पाचेक पावलांत भिंत येते. 700 पावलांत सुमारे 140 वळणं. दर वळणाला एका पायावर सगळं वजन घेऊन गुडघा पिळतो. ज्याला फिरायचं त्याने लांब व्हरांड्यात किंवा बाहेर फिरावं.

आठवडाभर एकूण पावलं एक तृतीयांश कमी करा. घरातही मऊ तळाची चप्पल घाला, झोपून उठल्यावर पहिलं पाऊल चपलेतच पडू दे. बूट बघा, टाचेकडे एका बाजूला झिजले असतील तर बदला. पलंगावरून उतरण्याआधी टॉवेल तळपायाला लावून बोटं स्वतःकडे ओढायची, 30 सेकंद, तीनदा. दिवसातून दोनदा भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर, तेही 30 सेकंद तीनदा. दुखणं उतरलं की आठवड्याला 500 पावलं वाढवा, त्याहून जास्त नको.

थंड पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवा असं बरेचजण सांगतील. मधुमेहात तळपायाला बधिरपणा असेल तर बर्फ लावू नका, भाजलेलं कळत नाही तसं गोठलेलंही कळत नाही. रोज रात्री तळपाय उजेडात बघायचा: फोड, भेग, लाली. जखम दिसली तर फिरणं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. टाचेचं तीन आठवड्यांत कमी झालं नाही तरी दाखवा.

किल्ला_तलाव

ॲपमधल्या तीन गोष्टी बघा. कोणत्या मनगटावर बांधता ते सेटिंग, डावं की उजवं. आप्पा उजव्या हाताने काम करत असतील तर बँड डाव्यावर बांधा, फुकटची पावलं कमी होतात. दुसरं, फोन आणि बँड दोघांची पावलं एकाच आरोग्याच्या ॲपमध्ये जात असतील तर एकाच साधनाला पहिला क्रम द्या. तिसरं, तासातासाला उठा म्हणणारी थरथर संध्याकाळी सातनंतर बंद.

पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराकडच्या बाजूला, एक बोट जाईल इतका सैल. पावसाळ्यात आत ओल राहून पुरळ येतं. अंघोळीला काढून ठेवा, चार्जिंगही तेव्हाच.

शहापूरची_सून

आज सकाळी पाऊस थांबल्यावर आप्पांनी स्वतः वही घेऊन परीक्षा घेतली. प्रत्येक वेळी 200 पावलं:
हात मोकळे: 196, 203, 199.
बँडच्या हातात छत्री: 88, 121, 104.
दुसऱ्या हातात छत्री: 194, 197, 195.
हात पाठीमागे: 139, 150, 127.
हॉलमध्ये: 171, 166, 178.
स्कूटरवर गणपत गल्लीला जाऊन-येऊन: 340.

शेंगदाणे संपले म्हणून शेवटची मोजणी बोटांवर केली. अजून एक विचारलंय त्यांनी: बँड 10,000 पावलांना 6.85 किलोमीटर म्हणतो, ते खरं का?

तिसरं_गेट_टिळकवाडी

आप्पांना सांगा, बँड एक नंबर आहे. छत्री उजव्या हातात धरायची, बँड डाव्या, विषय संपला. हॉलमध्ये दोनशेला तीसेक बुडतात, वळणापाशी ताल तुटतो म्हणून. म्हणजे रात्री 700 भरताना ते खरं तर आठशेच्या वर चालत होते. स्कूटर ज्या दिवशी झाली त्या दिवशी वहीत 340 वजा.

अंतर खरं असेलच असं नाही. जीपीएस नसला की बँड उंचीवरून पाऊल ठरवतो. 165 ला साधारण 0.415 ने गुणलं की 68.5 सें.मी., त्यावरून 6.85 आलं. स्वतःचं पाऊल मोजा: टेपने 20 मीटर आखा, दोन्ही टोकांना खडूची रेघ. रेघेच्या पाच पावलं आधीपासून नेहमीच्या चालीने चालत या, रेघेपासून रेघेपर्यंत मोजा. 31 भरली तर पाऊल 64.5 सें.मी., म्हणजे 10,000 ला 6.45 किलोमीटर. ॲपमध्ये पावलाची लांबी भरायची सोय असेल तर तो आकडा भरा, नसेल तर उंचीच्या जागी 155 टाका, अंतर जुळेल. त्याने कॅलरीचा आकडा थोडा हलेल, तिकडे बघू नका.

आखलेल्या 400 मीटरच्या ट्रॅकवर ताडायचं असेल तर अगदी आतल्या लेनमध्येच चाला. दुसऱ्या लेनमध्ये एक फेरी 407 मीटरची होते आणि आठव्यात 453 ची.