मदत हवी आहे : मार्क्लिनचे जुने एम-ट्रॅक आणि नवे सी-ट्रॅक एकत्र जोडल्यावर शॉर्ट

रूळवेडा
नमस्कार मंडळी. मार्क्लिन ही जर्मन मॉडेल-रेल्वे कंपनी. स्केल एचओ (१:८७), तीन-रूळ पद्धत, म्हणजे दोन रुळांच्या मधून विजेची तिसरी वाट. मुक्काम श्टुटगार्ट.

माझ्या लंबगोल मार्गाची (ओव्हलची) पुढची बाजू आणि दोन्ही टोकांची वळणं सी-ट्रॅकची आहेत (सरळ तुकडा २४१८८ सहा, वळण २४१३० बारा; हे कंपनीचे क्रमांक). मागची बाजू जुन्या बाजारात मिळालेल्या एम-ट्रॅकची : ५१०६ चे चार सरळ तुकडे आणि दोन्ही टोकांना एम आणि सी जोडणारा २४९५१ हा अ‍ॅडॉप्टर. त्याच पेटीत वायर असलेला ५१११ फीडरचा (रुळांना वीज पोचवणारा) तुकडाही होता, तोही मी एका ५१०६ च्या जागी बसवला आहे. कंट्रोल डिजिटल : मोबाइल स्टेशन (हातातला कंट्रोलर) आणि ट्रॅक बॉक्स (रुळांना वीज आणि सिग्नल देणारी पेटी).

अडचणी तीन :
मागची बाजू जोडली की लगेच स्टॉपचा लाल दिवा लागतो.
एम-ट्रॅकचे दोन तुकडे (५१११ सोडून) काढून पाहिले, तेव्हा दिवा गेला. पण इंजिन धक्के देत चालतं आणि स्वतःचा दिवा लावायची आज्ञा अर्धी वेळ ऐकतच नाही.
दोन्हीकडे सहा-सहा तुकडे असूनही ओव्हल बंद होत नाही. जवळजवळ ५ सेमी फट राहते.

सांधेवाला
फट आधी, कारण ते सरळ हिशेबाचं काम आहे. ५१०६ ची लांबी १८० मिमी, २४१८८ ची १८८.३ मिमी. अ‍ॅडॉप्टरही १८० मिमीचाच. पुढे ६ × १८८.३ = ११२९.८, मागे ६ × १८० = १०८०. फरक ४९.८ मिमी, म्हणजे तुमची ५ सेमी.

उपाय : मागचा एक ५१०६ काढा आणि त्याऐवजी सी-ट्रॅकचा २४२२९ (२२९.३ मिमी) अ‍ॅडॉप्टर आणि वळण यांच्या मध्ये घाला. मागची बाजू ११२९.३ मिमी होते. उरलेला अर्धा मिमी जोडांत सहज जिरतो. ओढून-ताणून फट मिटवू नका, सी-ट्रॅकच्या क्लिपा त्या ताणाने तुटतात.

वळणांची काळजी नको. एमचं ५१०० आणि सीचं २४१३०, दोन्ही ३६० मिमी त्रिज्येचे आणि ३० अंशांचे. एका वर्तुळाला बारा लागतात. फक्त पेटीत ५१२० वळणं असतील तर बाजूला ठेवा. त्यांची त्रिज्या २८६ मिमी आहे, नवी लांब इंजिनं आणि डबे त्यावर अडकतात.

जुनी_खडी
आता शॉर्ट. आधी दोन्ही ट्रॅकची रचना लक्षात घ्या, मग दोष कुठे शोधायचा ते आपोआप कळेल.

एम-ट्रॅकची खडी म्हणजे ठोकून आकार दिलेला पत्रा. दोन्ही रूळ त्याच पत्र्यावर, म्हणजे पूर्ण तुकडाच ‘ब्राउन’ (शून्य, विजेची परतीची बाजू). रुळांच्या मधल्या टिकल्या (विजेची टोकं, म्हणजेच तिसरा रूळ) मात्र ‘रेड’ (वीज येणारी बाजू), आणि या दोघांच्या मध्ये फक्त पातळ इन्सुलेशन. सी-ट्रॅकची खडी प्लॅस्टिकची, त्यामुळे तिथे असा पत्र्याशी संपर्क होण्याची सोयच नाही.

एमचा तुकडा उलटा करून टोकाशी धरा. मधोमध एक पितळी रंगाची पाती बाहेर आलेली दिसेल. ती शेजारच्या तुकड्याच्या पातीवर सरकून बसते. तुकडे घाईने ओढून काढले की ही पाती वर वाकते आणि पत्र्याच्या कडेला टेकते. वयोमानाने तपकिरी इन्सुलेशनचा भुगा झाला असेल तरी तेच. पातीच्या कडेला चकचकीत घासल्याची खूण दिसली तर आरोपी सापडला समजा.

तपासायची पद्धत : ट्रॅक बॉक्सची वायर काढा, सगळी इंजिनं-डबे उचला. मल्टीमीटर ओहमवर. एक प्रोब टिकलीला, दुसरा रुळाला. एकेक तुकडा सुटा करून मोजा. सरळ तुकड्यावर रीडिंग ‘ओपन’ यायला हवं. शून्याजवळ आलं तर तो तुकडा दोषी. नंतर जोडलेल्या अवस्थेतही मोजा, कारण काही पात्या जोडल्यावरच पत्र्याला टेकतात. पाती चपट्या पकडीने अलगद सरळ करा, इन्सुलेशन गेलं असेल तर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) छोटी पट्टी लावा.

गेज_१६५
धक्क्यांचं कारण वेगळं आहे, आणि ते मल्टीमीटरवर दिसणार नाही. संशय ५१११ वर. हा अ‍ॅनालॉग काळातला फीडर. त्याच्या पोटात रेडिओचा खरखराट थांबवण्यासाठी कपॅसिटर असतो. एसी ट्रान्सफॉर्मरला तो चालतो, डिजिटल सिग्नलचे कोपरे मात्र तो गोल करून टाकतो, आणि डीकोडरला (इंजिनातली आज्ञा वाचणारी चिप) त्या धड वाचता येत नाहीत. तुम्ही काढलेल्या दोन तुकड्यांत तो नव्हता, म्हणूनच शॉर्ट गेला पण धक्के राहिले.

तुकडा उलटा करून टिकल्यांची पट्टी आणि पत्रा यांच्या मध्ये सोल्डर केलेला तो छोटा कपॅसिटर शोधा, एक पाय कापून टाका. फीड म्हणून वापरायचाच नसेल तर पूर्ण तुकडाच बदला. वायर सी-ट्रॅकखालच्या ‘बी’ (टिकल्या) आणि ‘०’ (रूळ) पट्ट्यांना द्या.

आणि कळकळीने सांगतो, पेटीत जुना निळा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो या रुळांना लावू नका. ते २२० व्होल्टसाठी बनवलेले, आजच्या २३० वर त्यांचा दिशा बदलण्यासाठीचा जास्त व्होल्टचा झटका आणखी वर जातो आणि डीकोडर जळतो. शिवाय ट्रॅक बॉक्स आणि ट्रान्सफॉर्मर एकाच रुळावर एकाच वेळी कधीच नको.

रूळवेडा
सांधेवाला, जुनी_खडी, गेज_१६५, मनापासून आभार. मोजलं. काढलेल्या दोनपैकी एका ५१०६ ची पाती वाकलेली निघाली, सरळ केल्यावर ओपन रीडिंग आलं. ५१११ चा कपॅसिटर कापला, इंजिन दिव्याची आज्ञा लगेच ऐकतंय. २४२२९ मागवतो.

एक शंका : एमच्या रुळांवर गंज आहे, सँडपेपर चालेल का?

जुनी_खडी
नाही. वरचा मुलामा गेला की रूळ दुप्पट वेगाने गंजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. हट्टी डाग ट्रॅक घासायच्या रबराने, फक्त रुळाच्या माथ्यावर. पात्या आणि टिकल्यांना फायबरग्लास पेन्सिल, पण हातमोजे घालून. तिचे तुसे बोटांत शिरतात. पाणी अजिबात नको, ते पत्र्याच्या घड्यांत शिरून राहतं.

मुंबई-कोकणात एम-ट्रॅक ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. तुकडे आडवे रचा, पात्यांवर वजन येऊ देऊ नका.

सांधेवाला
पुढे फीडबॅक (गाडी कुठे आहे ते कळवणारा सिग्नल) लावायचा असेल तर ते भाग सी-ट्रॅकचेच ठेवा. सीखालचा दोन रूळ जोडणारा पूल कापून एक रूळ वेगळा करता येतो. एममध्ये पत्राच दोन्ही रुळांना जोडतो, तिथे खास कॉन्टॅक्ट पीसच शोधावा लागेल.