डी अँड डी फिफ्थ एडिशन: लाँग रेस्टमुळे जलदुर्गातला धोकाच संपतोय, काय करावं?

खाडीकाठ (मालवण)
डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फासे टाकून खेळायचा भूमिका-खेळ), २०१४ चे नियम, मी डीएम म्हणजे खेळ चालवणारा, चार प्लेअर, लेव्हल ५. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग डोळ्यांसमोर ठेवून एक जलदुर्ग रचलाय. प्रत्येक लढाईनंतर पार्टी (प्लेअरांची टोळी) लाँग रेस्ट घेते, म्हणजे आठ तास झोपते, आणि सगळे स्पेल (मंत्र) परत मिळवते. मंडळी डार्क सोल्स हा अवघड व्हिडिओ गेम खेळणारी आहेत, तसाच कस लागायला हवाय. राक्षसांचे एचपी (जीव मोजणारे गुण) दुप्पट करू की ग्रिटी रिअलिझम (विश्रांती लांबवणारा पर्यायी नियम) लावू?

किल्लेदार (रत्नागिरी)
एचपीला हात लावू नका. ५९ एचपीचा ओग्र (धिप्पाड राक्षस) ११८ चा केलात तर तेच वार जास्त वेळ चालतात, डोकं वेगळं लढवावं लागत नाही. उलट एचपी थोडे कमी करा आणि डॅमेज वाढवा.

खरी गडबड हिशेबात आहे. २०१४ चं डीएम गाइड दोन लाँग रेस्टमध्ये सहा ते आठ लढाया धरतं. लेव्हल ५ च्या विझर्डकडे (जादूगाराकडे) तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या संधी, दोनच. दिवसाला एकच लढाई असली तर तो दोन्ही फायरबॉल (आगीचे स्पेल) तिथेच टाकणार, आणि ते बरोबरच आहे.

ग्रिटी रिअलिझममध्ये शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती, एरवी एक तासाची) ८ तासांचा, लाँग रेस्ट ७ दिवसांचा. लांबच्या प्रवासाला झकास, किल्ल्यात नको. मेज आर्मर (रक्षणाचा स्पेल) टिकतं ८ तास, त्याचा स्लॉट परत यायला आठवडा.

त्यापेक्षा भरती मोजा. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास. कागदावर सहा चौकोन काढा, एक चौकोन म्हणजे एक तास. शॉर्ट रेस्ट घेतला की एक चौकोन भरला. पहिल्या दोन चौकोनांत तटाखालची वाट कोरडी, पुढच्या दोनांत कमरेएवढं पाणी म्हणजे डिफिकल्ट टेरेन (चालायचा वेग निम्मा), शेवटच्या दोनांत वाट बुडालेली. मोहीम अमावास्येला ठेवा. उधाणात ओहोटी खोल जाते म्हणून वाट उघडी पडते, आणि भरतीही तेवढीच वर चढते. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) ही मजा नाही.

फक्त बुडण्याच्या भीतीवर विसंबू नका. कॉन्स्टिट्यूशन (दमदारपणा) +२ असेल तर श्वास ३ मिनिटं टिकतो, म्हणजे ६ सेकंदांच्या ३० फेऱ्या. लढाई तेवढी चालतच नाही. पाण्याखाली खरा फटका हत्याराला बसतो: पोहण्याचा वेग नसलेल्याला लांब तलवारीने मारताना दोन फाशांतला कमी आकडा धरावा लागतो, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज, भाला, खंजीर, त्रिशूळ मात्र चालतात. हे आधीच कळू द्या, म्हणजे ते हत्यारं तशी बांधून नेतील.

आरमार (अलिबाग)
भरतीचं पटलं. डार्क सोल्सचं एक सांगतो. तिथे मेलं तरी थोड्या वेळात परत त्याच शत्रूपुढे उभं राहता येतं, म्हणून त्याचे वार शिकता येतात. टेबलावर मेलेलं कॅरेक्टर तसं परत येत नाही. म्हणून प्राणघातक वार एक फेरी आधी दाखवा: इनिशिएटिव्ह (वारांचा क्रम) २० ला राक्षस साखळी उचलतो, पुढच्या २० ला ती दहा फुटांच्या पट्ट्यावर आदळते. उभा राहिला त्याला पूर्ण डॅमेज, सेव्ह (फासा टाकून वाचायची संधी) नाही.

डार्क सोल्समध्ये बोनफायरवर (विश्रांतीच्या शेकोटीवर) बसलं की मारलेले शत्रू परत उभे राहतात, तेही घ्या. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेतच. लाँग रेस्ट फक्त विहिरीपाशी, आणि उठल्यावर पहारे पुन्हा भरलेले.

हीलिंग वर्ड या बरं करणाऱ्या स्पेलचा बंदोबस्त करा. मुख्य कृतीशिवायची बोनस अ‍ॅक्शन, ६० फूट, पहिल्या पातळीचा स्लॉट, की पडलेला गडी उठला. काही जण शून्य एचपीवर पडल्यावर एक एक्झॉशन (थकव्याची पायरी) देतात, पण त्याचा भार समोर लढणाऱ्यांवरच येतो. मी म्हणेन, डेथ सेव्हच्या (पडलेला मरतो की वाचतो ते ठरवणाऱ्या फाशाच्या) अपयशाच्या खुणा लाँग रेस्टपर्यंत पुसू नका. पहिल्या सेशनआधी सगळ्यांना सांगा, मध्येच लावू नका.

खाडीकाठ
उत्तम. पण विझर्डकडे टायनी हट (सुरक्षित घुमट उभा करणारा स्पेल) आहे. तो विहिरीचा नियम मोडतो ना?

किल्लेदार
हट असेल तर विहिरीचा नियम सोडा, त्याने निवडलेला स्पेल फुकट घालवू नका. रिच्युअल (सावकाश विधी) म्हणून केला तर ११ मिनिटं, स्लॉट खर्च नाही, टिकतो ८ तास. पण ओहोटीला झोपले तर उठतील तेव्हा भरती होऊन पाणी उतरायला लागलेलं असेल, वाट कोरडी व्हायला अजून जवळपास अडीच तास. तोवर घुमट मोडलेला आणि पहारेकरी बाहेर जमलेले.