अनुभव धागा : पार्क, पोरं आणि भाड्याची गाडी

रातांबा
काल भाच्याचा फोन. मे महिन्यात पोरांना खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला न्यायचंय, तर रत्नागिरीतून गाडी भाड्याने घेऊ की रेल्वेने पनवेल गाठून पुढचं तिथे बघू? घरी स्कूटर आहे, चारचाकी नाही, लायसन्स मात्र आहे. कळवते म्हटलं आणि फोन ठेवला. पहिलं काय आठवलं तर मुंबईचं एस्सेलवर्ल्ड पार्क.

ते १९८९ला सुरू झालं. टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे आमच्या गुहागरकडच्या वाडीतल्या पोरांनाही त्याची खडान्‌खडा माहिती. आम्ही गेलो तेव्हा गाडीचा विषयच नव्हता. रात्रीची एसटी, बोरिवलीला आत्याकडे मुक्काम, सकाळी गोराईची लाँच. रस्त्याने जायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा. आत्याच्या पोरांना लाँचचं केवढं अप्रूप! आम्ही खाडीवरची माणसं, आम्हाला त्यात काय नवल. खरी गंमत येताना. कपडे ओले, धाकट्याच्या अंगात कणकण, लाँचला ही रांग, आणि अलीकडे उतरल्यावर एवढी माणसं घ्यायला एक रिक्षावाला तयार होईना. आजी जेट्टीवरच्या कट्ट्यावर बसली ती उठेचना. "तुमी जावा, मी हितंच र्‍हाते," म्हणाली.

म्हणून माझं मत असं, की गाडीचा हिशोब सकाळचा करूच नये. सकाळी सगळे बैलगाडीनेसुद्धा जातील. हिशोब करावा रात्री आठचा. दिवसभर ऊन, पाणी, रांगा झाल्यावर स्टिअरिंगवर बसणार कोण?

तर तुमचे अनुभव लिहा. स्वतः चालवायची घेतलीत, ड्रायव्हरसकट केलीत, की गाडीच नको म्हटलंत? परदेशातले पार्कही चालतील.

फणसपोळी
रात्री आठचा हिशोब, अगदी अगदी!! आमच्याकडे ह्यांनी चालवली. माणगावला जो ट्रॅफिक लागला त्यात मागची सगळी घोरत होती आणि ह्यांना झोप येऊ नये म्हणून मी एकटी अंताक्षरी खेळत होते. दोन्ही बाजूंनी.

वाकण_फाटा
आधी रस्ता ठरवा, मग गाडी. खालून येणाऱ्यांनी पेण-पनवेल करून एक्स्प्रेसवेला लागायची काही गरज नाही. वाकण फाट्याला उजवीकडे वळायचं, पाली, आणि पुढे पाली-खोपोली रस्त्यावरच सांगडेवाडीला पार्क आहे.

रेल्वेने पनवेल म्हणजे पुढे जाऊन मागे यायचं. खोपोली कोकण रेल्वेवर नाही, ती कर्जतच्या फाट्यावर. रेल्वेच करायची तर दिवा पॅसेंजरने नागोठणे नाहीतर रोह्याला उतरा आणि तिथून गाडी करा. जलद गाड्या सगळ्या तिथे थांबत नाहीत, ते बघून घ्या.

कुळथाची_पिठी
दिवा पॅसेंजरने दोन पोरं आणि बॅगा घेऊन, मे महिन्यात?? तुम्ही शेवटचं कधी बसलायत त्यात

वाकण_फाटा
मी पर्याय सांगितला, बसा असं नाही म्हटलं 😄

पिवळी_पाटी
मी टुरिस्ट गाडी चालवतो, चिपळूण. माझ्या धंद्याचं आहे म्हणून नाही सांगत, सेल्फ ड्राइव्ह खुशाल घ्या, पण नंबरप्लेट बघून घ्या. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असली तर ती स्वतः चालवायला भाड्याने द्यायची परवान्याची गाडी. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं ती आमची, ड्रायव्हरसकट. पांढरी प्लेट म्हणजे कोणाची तरी घरची. गावात सर्रास शेजाऱ्याची पांढरी गाडी पैसे देऊन नेतात. जोपर्यंत काही होत नाही तोपर्यंत ठीक. ठोकली तर विमावाले पहिलं हेच शोधतात, की खाजगी गाडी भाड्याने दिली होती का. मग गाडी गेली आणि शेजारही गेला.

आमच्या भाड्याचं सांगायचं तर बाहेरगावला दिवसाला कमीत कमी ३०० किमी धरतात, कमी झाले तरी. ड्रायव्हर भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. हे आधी विचारा, रात्री दारात उभं राहून भांडू नका.

आणि ताई, तुमच्या रात्री आठच्या हिशोबात ड्रायव्हरला पण धरा. लोक पहाटे दोनला निघतात, म्हणजे मी रात्रभर चालवलेलं असतं. दिवसभर ते आत, मी पार्किंगमध्ये. मे महिन्यात बंद गाडीत झोप लागते का? आणि बाहेर आले की "चला दादा, काढा गाडी, मागे झोपतो आम्ही". तुम्ही झोपाल हो. एक रात्र खोपोलीत नाहीतर पालीत काढा. लॉजचे पैसे जातील तेवढेच.

रातांबा
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाच्याला जसंच्या तसं पाठवते.

फणसपोळी
बरोबर बोललात दादा. आणि ड्रायव्हरच्या जेवणाचं पण आधी बोला. आमच्या ओळखीत एकांनी सगळ्यांना थाळ्या मागवल्या आणि ड्रायव्हर बाहेर बिस्किटं खात होता. लाज वाटायला पाहिजे.

सोनचाफा_दापोली
आमची सासूबाई, दोन नणंदा, पाच पोरं. गाडी ड्रायव्हरसकट केली त्याचं कारण राइड नाहीच, कारण पाली. पोरांना आणि नवऱ्याला गेटवर सोडलं आणि आम्ही बायका त्याच गाडीने बल्लाळेश्वर, मग उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं, मग वरदविनायक. तिकिटं वाचली ती वेगळीच. सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात, इमॅजिकाला दोन अष्टविनायक घडले.

आता वरदविनायकाची गंमत. मी ड्रायव्हरला म्हटलं, महडला घ्या. तो म्हणे, वहिनी, महाड तर सकाळीच मागे गेलं की. मी म्हटलं ते नव्हे हो, हे खालापूरचं. त्याने फोनवर महाड टाकलं आणि बाईने आम्हाला निम्म्या कोकणात परत न्यायला सुरुवात केली.

तिरफळ
😂😂 चवदार तळ्याला पोचला असतात

खाडीकाठ
सेल्फ ड्राइव्ह घेतली होती. गाडी छान, काळी पाटी, कागदपत्रं सगळी होती. पण मालक कोण ते लिहीत नाही, परत देताना दाराखालचा चरा दाखवून डिपॉझिटमधून कापायला लागला. माझ्या बायकोने नेतानाच गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला होता, दारं, टायर, काच, पेट्रोलचा काटा, किलोमीटर, सगळं, त्याच्याच आवाजासकट. दाखवला. "अरे हो का, मग असू दे." बायकोला त्या दिवशी पापलेट.

बाकी नियम विचारून घ्या. दिवसाला किती किमी, वरच्या किलोमीटरला काय दर, फास्टॅगमध्ये पैसे कोणी टाकायचे. एक्स्प्रेसवेवर कारला ताशी १००ची मर्यादा आणि वर कॅमेरे. दंड गाडीच्या नावावर येतो, मग तो मालक तुमच्याकडे मागतो, कधी महिन्याभराने. पालीमार्गे गेलात तर तो प्रश्न नाही. तिथे १००ने चालवून दाखवाच.

काजूबी
आमच्या मुंबई-गोवा हायवेवर कॅमेऱ्याची गरजच नाही, २०११ पासून काम चालू आहे, वेग आपोआप बेताचा राहतो

वाकण_फाटा
तरी कशेडीचा बोगदा झाल्यापासून बरंच सुसह्य. घाटात पोरांच्या उलट्या व्हायच्या त्या तरी थांबल्या.

मालवणी_मेवा
उलट्येचो विषय निघालो म्हणान इचारतंय. आमच्या झिलाक गाडी लागता त्याका काय देवचा? नवऱ्यान भाड्याची गाडी हाडल्यान, मालकान सांगितलेल्यान सीटवर डाग पडूक नको, आणि ह्येना नांदगावाक काय तो कारभार केल्यान! पार्क ऱ्हवला बाजूक, आमी अर्दो तास सीट धुयत बसलंव.

फणसपोळी
आलेपाक. आणि निघायच्या आधी दूध अजिबात नको.

सोनचाफा_दापोली
हातातला मोबाईल काढून घ्या आधी. खिडकीजवळ बसवा, समोर बघायला लावा. आमच्याकडे आवळा सुपारी चालते.

तिरफळ
लिंबू हुंगायला द्या. डॉक्टरकडून गोळी घेतलीत तर निघायच्या आधी द्यायची असते, सुरू झाल्यावर नाही.

मालवणी_मेवा
लिंबवाचा केलंय. लिंबू पण थयच गेला. आलेपाक बगतंय.

लाल_डबा
गाडी गाडी काय करताय, एसटी विसरलात सगळे! आमच्या वाडीने एसटी प्रासंगिक करारावर घेतली. लग्नाला घेतात तशीच. डेपोत अर्ज, किलोमीटरप्रमाणे पैसे आगाऊ भरायचे, अख्खी बस आपली. ४० डोकी, त्यात वाटून पाहा. डबे मागे, ढोलकी पुढे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, मग घावणे आणि लसणाची चटणी आम्ही गेटबाहेर बसमध्येच संपवली आणि मग आत गेलो.

साध्या एसटीने तुटक तुटक जाणाऱ्यांसाठी, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या वरच्यांना फुकट. करारावर घेतलेल्या बसला ते धरून हिशोब करू नका.

कुळथाची_पिठी
४० जणांना एकाच वेळी पार्कमधून बाहेर कसं काढलंत?

लाल_डबा
नाही काढता आलं. दोघं निट्रो राइडच्या रांगेत, तिसरा त्यांना शोधायला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून हैराण केलं.

देवरुखची_लेक
परदेशातलं चालेल म्हणालात म्हणून. ऑर्लँडोला नेमका हाच वाद आमच्याकडे झाला होता. सासू-सासरे देवरुखहून आलेले, नवरा म्हणे गाडी घेऊच, मी म्हटलं रोज नको.

तिथलं डिस्नेचं आवार जवळजवळ १०० चौरस किमी, म्हणजे चार पार्क एकमेकांपासून चालत जाण्यासारखे नाहीत. पण त्यांच्याच हॉटेलात उतरलं की बस, मोनोरेल, बोटी, पाळण्यासारखी दोरावरची केबिन, सगळं फुकट. विमानतळावरून आणायची फुकट बस होती ती जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली, तेवढ्यासाठी टॅक्सी. बाहेरच्या स्वस्त हॉटेलात राहिलात तर गाडी सोयीची, पण मग पार्कच्या पार्किंगला रोज पैसे, जे त्यांच्या हॉटेलवाल्यांना पडत नाहीत. खोलीत वाचवलं ते पार्किंगमध्ये गेलं. शिवाय फ्लोरिडात ५ वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत मुलांची सीट सक्तीची. ती भाड्याने घेतली की तिचे दिवसाचे पैसे वेगळे.

शेवटी डिस्नेचे दिवस बसने काढले आणि केनेडी स्पेस सेंटरला जायचं होतं तेवढ्यापुरतीच गाडी घेतली. हा मधला मार्ग कोणी सांगत नाही. गाडी पूर्ण सुट्टीभर घ्यायलाच पाहिजे असं कुठे आहे?

सासऱ्यांना ती फुकट बस शेवटपर्यंत पटली नाही. कंडक्टर नाही, तिकीट नाही, पुढच्या स्टॉपला उतरवतील म्हणून ते हातात सुटे पैसे धरून बसायचे.

तिरफळ
सासरे 😍

काजूबी
पॅरिसच्या डिस्नेलँडला तर गाडीचं नावच नको. आरईआर म्हणजे तिथली लोकल, तिची ए लाइन, शेवटचं स्टेशन, बाहेर आलं की पार्कचं गेट. आपल्याकडे सांगडेवाडीला स्टेशन झालं की कळवा.

खाडीकाठ
आधी हायवे होऊ दे.

शिंपल्या_अलिबाग
अलिबागवाल्यांनी कशाला एवढा विचार करायचा. पेणपर्यंत एसटी, पेणहून खोपोली. पण हे दोघांचं काम, पोरं असतील तर गाडीच. आम्ही जुलैमध्ये गेलो, स्वस्तात पडतं म्हणून. पाऊस असा की मोठ्या राइड थांबवलेल्या. गाडी होती म्हणून दुपारी सरळ निघालो आणि भिजत भिजत भजी खाल्ली. गाडी नसती तर संध्याकाळच्या बसपर्यंत तिथेच कुडकुडत बसलो असतो.

ता. क. उन्हाळ्यात येणाऱ्यांनी पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन जा. मे अखेर संपतात.

रातांबा
पांढऱ्या कांद्याचा भाव काय आहे सध्या?

शिंपल्या_अलिबाग
माळेवर आहे. रस्त्यावर घेऊ नका, गावात या.

सोनचाफा_दापोली
लहानग्यांची उंची मोजूनच घरून निघा बरं. आमचा पुतण्या एवढ्या लांब जाऊन मोठ्या राइडला उंचीत बसला नाही. रडून रडून गोंधळ. त्या दिवशी गाडीपेक्षा त्याची समजूत महाग पडली.

रातांबा
भाच्याशी बोलले. स्वतः चालवायची घ्यायचा त्याचा हट्ट होता, पण पिवळी_पाटी दादांचं वाचून बायकोने निकाल दिला : ड्रायव्हरसकट, पालीला एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन करून परत. आता सासूबाई पण येणार म्हणतात. म्हणजे गाडी मोठी लागणार. चिपळूणची गाडी रत्नागिरीला बोलवली तर येण्याचे किलोमीटर धरता का हो?

पिवळी_पाटी
धरतो ताई, गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. त्यापेक्षा रत्नागिरीतलीच करा, मी दोन नंबर मेसेज करतो. शनिवार-रविवार सोडून बघा, आणि सासूबाई येणार असतील तर तिसऱ्या रांगेत त्यांना बसवू नका.

मालवणी_मेवा
आणि गाडी लागता त्याका पण नको. आलेपाक खयचो बरो ता कोणी सांगल्यानच नाय अजून.