फेचमेनी वापरूनही रॅम भरते, स्क्रिप्ट मरते

प्रश्न (मकरपुरा, वडोदरा)
यंत्रांची रीडिंग पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठतात, टेबलात ४ कोटी ओळी. पायथनची स्क्रिप्ट (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी सायकोपीजी२) त्या वाचून पाळीनुसार सरासरी काढते आणि दुसऱ्या टेबलात टाकते. मशीनला ८ जीबी रॅम. फेचऑल (सगळ्या ओळी एकदम) काढून फेचमेनी(५०००), म्हणजे एका वेळी ५००० ओळी, असं केलं, तरी टर्मिनलवर नुसतं 'किल्ड' येतं. रॅम वाढवण्याखेरीज काही इलाज?

उत्तर १ (ग्वाल्हेर)
रॅम एक्झिक्यूटवरच (क्वेरी चालवतानाच) चढत असणार, फेचमेनीवर नाही. साध्या कर्सरमध्ये (क्वेरी चालवून निकाल वाचायचं साधन) अख्खा निकाल आधी तुमच्या मशीनवर येतो. फेचमेनी त्या ढिगातून वाटीवाटीने काढून देतं, इतकंच. पॅन्डास लायब्ररीचा चंकसाइजही (तुकड्यांत वाचायचा पर्याय) साध्या कर्सरवर असाच फसवतो.

कर्सर बनवताना त्याला नाव द्या, म्हणजे तो सर्व्हरवर उघडतो. मग फॉर लूपमध्ये एका खेपेला कर्सरच्या इटरसाइज या सेटिंगइतक्याच ओळी येतात. मूळ आकडा २०००. ओळी लहान असतील तर १०,००० चालेल. मात्र लूपमध्ये त्याच ओळी लिस्टला अपेंड करत बसलात तर मुसळ केरात.

प्रश्नकर्ता
नाव दिलं, रॅम स्थिर आहे. पण पहिल्या कमिटनंतर (लिहिलेलं पक्कं केल्यावर) एरर येतो: 'नेम्ड कर्सर इज्न्ट व्हॅलिड एनीमोअर'.

उत्तर १
कमिटने ट्रान्झॅक्शन संपतं, त्याबरोबर कर्सरही. वाचायला एक कनेक्शन ठेवा, लिहायला दुसरं. 'विथ होल्ड'चा (कमिटनंतरही कर्सर जिवंत ठेवणारा पर्याय) मोह टाळा, त्यात कमिटच्या वेळी सर्व्हर उरलेला सगळा निकाल स्वतःकडे उतरवून ठेवतो.

उत्तर २ (इंदूर)
दोन कनेक्शनचा उपाय बरोबर, पण स्क्रिप्ट तासन्‌तास चालणार असेल तर वाचणारं ट्रान्झॅक्शन तितका वेळ उघडं राहतं. तोवर व्हॅक्यूमला (डेटाबेसची साफसफाई) नंतर मेलेल्या, म्हणजे खोडलेल्या किंवा बदललेल्या जुन्या ओळी साफ करता येत नाहीत, टेबलं फुगतात. अशा वेळी शेवटच्या ओळीची (वेळ, आयडी) जोडी लक्षात ठेवा, 'जोडी त्याहून मोठी' अशी अट घाला, त्याच क्रमाने ऑर्डर बाय, लिमिट ५०००. दोन्ही कॉलमवर मिळून एक इंडेक्स हवा. नुसत्या वेळेवर तोडलंत तर सीमेवरच्या समान वेळेच्या ओळी गळतील. ऑफसेट (सुरुवातीच्या इतक्या ओळी सोडा) नकोच: ऑफसेट ३ कोटी म्हणजे तेवढ्या ओळी सर्व्हर दर खेपेला वाचून फेकणार.

उत्तर ३ (वडोदरा)
पाळीची सरासरीच हवी आहे ना? मग ४ कोटी ओळी बाहेर आणताच कशाला! 'इन्सर्ट... सिलेक्ट... ग्रुप बाय' अशी एकच क्वेरी, काम डेटाबेसमध्येच संपेल. रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते, म्हणून पहिली पाळी ७ ला लागत असेल तर वेळेतून ७ तास वजा करा. उरलेल्यातून तारीख घ्या, आणि तास भागिले ८ केलं की ०, १, २ अशी पाळी मिळते. एक्स्ट्रॅक्टचं (वेळेतून तास काढणारं फंक्शन) उत्तर पूर्णांक नसतं, भागाकाराला फ्लोअर लावा, म्हणजे अपूर्णांक गळेल. आणि कॉलम टाइमस्टँपटीझेड (टाइम झोन जाणणारी वेळ) असून सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर आधी 'अॅट टाइम झोन' लावून भारतीय वेळ करा, नाहीतर पाळ्या साडेपाच तासांनी सरकतील.