शब्दचर्चा: क्लॅम्पला शिकंजा म्हणावं, शेगडा की पकड?

शिवाजी पेठ: नवशिक्यांसाठी सुतारकामाची माहिती मराठीत लिहितोय. फळ्या फेविकॉलने जोडल्यावर सुकेपर्यंत ज्यात धरून ठेवतात, त्या क्लॅम्पला काय लिहू? शेगडा, शिकंजा आणि पकड असे तीन शब्द सुचवले गेलेत. शिवाय 'क्लॅम्प आवळणे' हा प्रयोग बरोबर आहे का?

उद्यमनगर: शेगडा नको. शेगडा म्हणजे व्हाइस, बाकाला कायमचा बसवलेला. काम उचलून त्याच्याकडे न्यावं लागतं. क्लॅम्प कामाकडे जातो. 'पकड'ही नको. आमच्या भागात कुठल्याही वर्कशॉपमध्ये "पकड दे" म्हटलं की हातात प्लायर येतो. शिकंजा अर्थाने जवळचा आहे, कारण बुकबाइंडरच्या दाबयंत्रालाही शिकंजाच म्हणतात. पण मूळ फारसी शब्दात छळाचा अर्थ आहे, आणि नवशिक्याच्या मनात नेमका तोच बसायला नको. मी क्लॅम्पच लिहीन. सी-क्लॅम्प, एफ-क्लॅम्प, पाईप क्लॅम्प दुकानात याच नावांनी मागतात. सुट्या भागांना मात्र मराठी शब्द आहेत, ते सोडू नका: जबडा, दांडी, मूठ, आटे.

खरा घोळ तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. 'आवळणे' वाचलं की माणूस अंगातला सगळा जोर लावतो. मग फेविकॉल बाहेर पळतो आणि सांध्यात उरतच नाही. असा कोरडा पडलेला सांधा वरून घट्ट दिसतो, पण वजन आलं की उकलतो. म्हणून 'दाब द्या' असं लिहा. कडेने फेविकॉलचे बारीक थेंब ओळीने दिसू लागले की थांबायचं. अजिबात थेंब नसतील तर फेविकॉल कमी लागलाय किंवा कड सरळ रंधलेली नाही. वाकडी कड क्लॅम्पच्या जोरावर मिटवू नये, रंधा पुन्हा फिरवावा.

राजारामपुरी: सहमत. आणखी एक शब्द हवा, 'ठोकळा'. लोखंडी जबडा थेट लाकडावर ठेवला की वळ उठतो, म्हणून मध्ये लाकडी ठोकळा. तो रुंद असेल तर दाब पसरतो आणि क्लॅम्प कमी लागतात. पाटाची रुंदी जोडताना एक क्लॅम्प खालून, पुढचा वरून असे आलटूनपालटून लावा, नाहीतर पाट धनुष्यासारखा वाकतो. चौकट असेल तर दाब दिल्यावर दोन्ही कर्ण सारखे भरतात का मोजा. काटकोन तपासायच्या नुसत्या गुण्यावर भागत नाही.

बाभळीच्या कामात तर लोखंडी दांडी आणि ओला फेविकॉल यांचा संबंध येऊच देऊ नका. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, तिच्या सालीने कोल्हापुरी चपलेचं चामडं कमावतात ते त्याचमुळे. टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आलं की लाकडावर काळा डाग पडतो, आणि तो खोलवर जातो. मध्ये मेणकागद घाला.

शिवाजी पेठ: आभार. 'दाब द्या' लिहितो. जुने सुतार काय म्हणायचे?

राजारामपुरी: चौकटीभोवती दोरी गुंडाळून मध्ये काठी घालायचे आणि 'पीळ द्यायचे'. पाटाला दोन्हीकडे अडण्या ठोकून 'पाचर मारायचे'. बोलण्यात पाचर मारणं म्हणजे खोडा घालणं, सुतारकामात मात्र तिनेच सांधा जुळतो. तुमच्या लेखात हे दोन्ही प्रयोग जरूर यावेत, क्लॅम्प नसणाऱ्यालाही त्यांचा उपयोग होईल.

उद्यमनगर: देखभालीचा भाग लिहिताना सगळीकडे 'तेलपाणी' लिहून मोकळे होऊ नका. एफ-क्लॅम्पचा सरकता हात दांडीवर तिरका अडून धरतो. दांडीला तेल लागलं की तो घसरणारच, शिवाय तेलाचा हात लाकडाला लागला की तिथे फेविकॉलही धरत नाही आणि पॉलिशही. दांडी कोरडी ठेवा, आट्यांना मेण लावा. वाळलेला फेविकॉल जुन्या पटाशीने किंवा तारेच्या ब्रशने काढायचा, कारण त्याचा खडा आट्यात अडकला की मूठ फिरते पण दाब पोचत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात क्लॅम्प भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, ओल चढते. सैल करून खुंटीला टांगा. यासाठी 'सैल सोडणे' हा शब्द पुरेसा आहे.

सांधा दाबाखाली किती वेळ ठेवायचा, ते डब्यावर लिहिलेलं पाळा. क्लॅम्प काढल्यावरही जड काम दुसऱ्या दिवसापर्यंत करू नये, असं स्पष्ट लिहा. 'सुकला' आणि 'पक्का झाला' हे दोन शब्द वेगळे ठेवा.