रिबाय घरी भाजताना: आधी मंद आच, की थेट भडक निखाऱ्यांवर?

सावकाश

हॉटेलातल्या रिबायची, म्हणजे बीफच्या बरगड्यांजवळच्या चरबीदार तुकड्याची, सर घरच्याला येत नाही, ही तक्रार मी बरीच वर्षं करत होतो. आता करत नाही. तरीही हा धागा काढतोय, कारण ज्यांना ज्यांना भाजताना पाहतो ते सगळे एकाच वाटेनं जातात: जाळी लालबुंद तापवायची, मांस टाकायचं, दोन्ही बाजू काळ्या करायच्या, कापल्यावर आत कच्चं निघालं की परत विस्तवावर टाकायचं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जाड रिबाय आधी मंद आचेवर जवळजवळ शिजवून घ्या आणि भडक आच शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखून ठेवा.

हे मी शिकलो ते फजितीतून. घरी चार पाहुणे, चार सेंटिमीटर जाडीचे चार तुकडे आणि फुललेले निखारे. सहा-सात मिनिटांत बाहेरून सुंदर काळपट-तपकिरी रंग आला. ताटात कापलं तर कडेला बोटभर करडा, कोरडा पट्टा आणि मधोमध जांभळट मांस. मध्ये बोट लावून पाहिलं, गार लागलं. पुन्हा जाळीवर टाकलं तेव्हा आतलं गरम झालं, पण बाहेरचं वातड. इतकं चांगलं मांस वाया गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण साधं आहे. मांसात उष्णता फार हळू आत सरकते. बाहेर प्रचंड धग असेल तर मध्य ५४ अंश सेल्सिअसला, म्हणजे गुलाबी आणि लुसलुशीत होण्याइतका, पोचेपर्यंत बाहेरचे थर ७०-८० अंश ओलांडून गेलेले असतात. ६६ अंशांच्या पुढे स्नायूंतली प्रथिनं इतकी आवळतात की कापड पिळावं तसा रस बाहेर पडतो. मंद आचेवर हा फरक फार कमी राहतो.

दुसरं कारण पाण्याचं. तो खरपूस वास आणि रंग ज्या रासायनिक क्रियेतून येतो, तिचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली केलं. ती जोर धरते साधारण १४० अंशांच्या आसपास. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या पुढे सहसा जातच नाही. म्हणजे ओलं मांस कितीही तापलेल्या जाळीवर टाका, आधी ते उकडणार आणि मग भाजणार. मंद आचेवरच्या अर्ध्या-पाऊण तासात वरचा भाग आपोआप वाळतो, मग निखाऱ्यावर मिनिटभरात रंग धरतो.

माझी रीत अशी. आदल्या रात्री मीठ लावून तुकडा तारेच्या जाळीवर फ्रिजमध्ये उघडा ठेवायचा. निखारे ग्रिलच्या एकाच बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, झाकण लावलेलं, आतली हवा १२० अंशांच्या आसपास. मध्यभाग ४७ झाला की काढायचा, निखाऱ्यांत थोडा नवा कोळसा घालून ते पूर्ण फुलू द्यायचे आणि मग दोन्ही बाजू मिनिट-मिनिट. थर्मामीटरशिवाय हे करू नका. बोटानं दाबून ओळखणं मला कधीच नीट जमलं नाही.

निखारा

मी कोळशावर भाजणारा माणूस, आणि हा लेख मला पटलेला नाही. फजिती झाली ती आचेची चूक नव्हती, तुम्ही तुकडा उलटला नाहीत म्हणून झाली.

रिबाय थेट निखाऱ्यांवर ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाला उलटत राहा. 'एकदाच उलटायचं' हा नियम कुठून आला कोण जाणे. हॅरॉल्ड मॅकगी या खाद्यविज्ञान लेखकानं दाखवून दिलं आहे की वारंवार उलटल्यानं मांस अधिक एकसारखं आणि उलट लवकर शिजतं, कारण कुठल्याच बाजूला फार तापायला किंवा फार निवायला वेळ मिळत नाही. करड्या पट्ट्यावर हा उपाय आहे आणि त्याला पाऊण तास लागत नाही.

आता खरा मुद्दा, चवीचा. ग्रिलची चव कोळशाच्या धुरापेक्षा चरबीच्या धुराची जास्त असते. वितळलेली चरबी निखाऱ्यावर पडते, चर्रकन जळते आणि तो वाफेसारखा धूर वर येऊन मांसाला बसतो. तुम्ही तुकडा निखाऱ्यांपासून लांब ठेवता, म्हणजे सगळी चरबी रिकाम्या तळाशी टपकते. मग ग्रिल कशाला पेटवलं? ओव्हनमध्येच ठेवायचं.

आणि हॉटेलाचंच म्हणत असाल, तर स्टेकसाठी नावाजलेल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत वरून धग देणारे ब्रॉयलर असतात. घरच्या ओव्हनपेक्षा कितीतरी प्रखर. तिथे तुकडा काही मिनिटांत तयार होतो. तुम्हाला जी चव आठवते ती भडक आचेचीच.

शिवाय कडेपासून कडेपर्यंत एकसारखा गुलाबी तुकडा फोटोत छान दिसतो, पण खाताना मला तो एकसुरी वाटतो. वर कुरकुरीत, खाली थोडं घट्ट, मध्ये लुसलुशीत, असा बदल प्रत्येक घासात हवा.

चौकस

मला वेगळीच शंका आहे. आधी भडक आचेवर दोन्ही बाजू भाजल्या की मांसाची तोंडं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, असं मी लहानपणापासून ऐकत आले. सावकाश यांची पद्धत तर याच्या उलटी. मग रस निघून जात नाही?

सावकाश

चौकस, ही समजूत बरीच जुनी आहे. १९ व्या शतकाच्या मध्यावर युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ती मांडली आणि स्वयंपाकघरांनी उचलली. ती खरी नाही. स्वतःच्या कानांनी पडताळून बघा: दोन्ही बाजू भाजून झाल्यावरही तुकडा विस्तवावर असेपर्यंत चर्र आवाज सतत येत राहतो. तो आवाज मांसातून निघून तापलेल्या धातूवर उडणाऱ्या पाण्याचा असतो. तोंडं बंद झाली असती तर तो थांबला असता. बाहेरचं कवच हवं ते चवीसाठी. रस टिकतो तो आतलं तापमान आवरल्यानं.

निखारा, वारंवार उलटण्याबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. अडीच सेंटिमीटरच्या तुकड्याला मीही मंद आचेच्या भानगडीत पडणार नाही, तो इतक्या लवकर शिजतो की तिचा फायदाच उरत नाही. चार सेंटिमीटरचं मात्र तसं नाही. तिथे दर अर्ध्या मिनिटाला उलटूनही बाहेरचा थर करपायला लागतो, आणि रिबायची चरबी इतकी की ज्वाळा उठतात. त्या ज्वाळांची काजळी मांसाला लागली की कडवट चव येते. चरबीच्या धुराबद्दल मात्र तुमचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

बिडाचा तवा

सावकाश ५४ अंश गृहीत धरतात आणि निखारा त्यावर काहीच बोलत नाहीत, माझ्या मते चूक तिथेच आहे.

रिबाय म्हणजे एक स्नायू नव्हे. मधला मोठा गोल 'डोळा', त्याला चंद्रकोरीसारखा वेढून बसलेला वरचा पट्टा, आणि दोघांच्या मध्ये चरबीची जाड गाठ. वरचा पट्टा हा सगळ्या तुकड्यातला सर्वांत चविष्ट भाग, मी तो शेवटी खाते. ५४ अंशांवर ही मधली चरबी नीट वितळतच नाही. दाताखाली मेणासारखी लागते आणि बहुतेक लोक ती काढून ताटाच्या कडेला सारतात. म्हणजे ज्या चरबीसाठी रिबाय आणला तीच टाकून दिली. टेंडरलॉइन, म्हणजे पाठीकडचा मऊ, फारशी चरबी नसलेला तुकडा, ५२ ला काढा, शोभेल. रिबाय ५८-६० पर्यंत जाऊ द्या. मांस किंचित घट्ट होतं, पण स्नायूत विखुरलेली चरबी सुटून आख्खा घास ओलसर होतो.

आणि जाळीचा मोहही सोडा. जाळीचे चट्टे देखणे दिसतात, पण त्यांच्यामधली जागा फिकीच राहते. मी जाड बिडाचा तवा ग्रिलवर ठेवून तापवते. आधी तुकडा चिमट्यानं उभा धरून चरबीची कड तव्याला टेकवते, दोन-तीन मिनिटं. तिच्यातून सुटलेल्या चरबीतच मग दोन्ही बाजू भाजते, वेगळं तेल लागत नाही. शेवटी आच उतरवून लोण्याचा गोळा, ठेचलेला लसूण, थाइम या सुगंधी पाल्याची काडी, आणि तवा तिरका करून फेसाळलेलं लोणी चमच्यानं वरून ओतत राहायचं. हॉटेलची म्हणून जी चव लोकांच्या जिभेवर राहते, ती बऱ्याचदा या लोण्याची असते. लोणी सुरुवातीलाच घातलंत तर काळं पडेल, ते सोसत नाही इतकी आच.

निखारा

चरबीबद्दल बिडाचा तवा यांना माझं पूर्ण अनुमोदन. मीही ५७ च्या खाली रिबाय काढत नाही. तव्याबद्दल नाही. चरबी तव्यात साठली की मांस तिच्यात तळलं जातं. चविष्ट लागतं, पण ते भाजणं नव्हे.

तुकडा निवडण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. अमेरिकी कापणीत रिबाय सहाव्या ते बाराव्या बरगडीमधून निघतो. खांद्याकडचा तुकडा घेतला तर वरचा पट्टा मोठा आणि चरबीच्या गाठी जास्त. कमरेकडचा घेतला तर डोळा मोठा आणि एकसंध. मंद आचेला खांद्याकडचा द्या, थेट निखाऱ्याला कमरेकडचा. एकाच रात्री दोन्ही पद्धती करून भांडण मिटवायचं असेल तर निदान तुकडे एकाच टोकाचे घ्या.

चौकस

मला सुरक्षिततेचं विचारायचंय. अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचना ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं थांबा अशी आहे. इथे सगळे ५४, ५७, ५८ म्हणताय. शिवाय माझ्या आईला लालसर मांस ताटात दिसलं तरी चालत नाही, ती त्याला रक्तच म्हणते. तिच्यासाठी वेगळा तुकडा कडक भाजायचा का?

सावकाश

अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तो भाग आपण चांगलाच तापवतो, म्हणून अनेक जण कमी तापमान पत्करतात. पण हा तर्क सुया टोचून मऊ केलेल्या मांसाला लागू नाही, कारण पृष्ठभागावरचं आत ढकललं गेलेलं असतं. खिम्याला तर मुळीच नाही, तो ७१ पर्यंत शिजलाच पाहिजे. लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं जेवायला असतील तर मी स्वतः ६३ पाळतो, तिथे चवीचा वाद घालत नाही.

कोळशाबद्दलही एक सांगतो: ग्रिल कधीही घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद गच्चीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. विझत आलेले निखारेही तो सोडत असतात.

आईचं. ताटातला तो लाल रस रक्त नसतो, पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं प्रथिन असतं. पण हे सांगून त्यांची किळस जाईल असं मला वाटत नाही, आणि जावी असा आग्रहही धरू नये. त्यांचा तुकडा मंद बाजूला आधी ठेवा, ६५ पर्यंत हळूहळू जाऊ द्या आणि भडक आच तीस-तीस सेकंदच द्या. गुलाबी फारसा उरणार नाही, ६८-७० पर्यंत नेलात तर अजिबातच नाही, आणि इतकी चरबी असल्यानं थोडा रस गेला तरी फार कोरडा पडणार नाही. माझ्या पद्धतीच्या बाजूनं मला हा सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो: एकाच विस्तवावर चौघांचे चार तुकडे चार तापमानांना काढता येतात आणि सगळ्यांची ताटं एकाच वेळी वाढता येतात.

बिडाचा तवा

हा मुद्दा मात्र पटला. तव्यावर एका वेळी दोनच तुकडे बसतात, उरलेले दोघं वाट पाहत बसतात.

निखारा

मलाही पटला. थेट आचेवरून काढलेला तुकडा पाच-सात मिनिटं ठेवावा लागतो, आतलं तापमान तेवढ्यात तीन-चार अंश चढतं, आणि तो अंदाज चार तुकड्यांचा एकदम बांधणं कठीण. मंद आचेनंतर ती चढण कमी असते, हे मी पाहिलंय.

तर धुराचा तोडगा मीच देतो. मांस कापून साफ करताना निघालेले चरबीचे तुकडे टाकू नका. रिबाय मंद बाजूला असताना त्यातला सुपारीएवढा एक निखाऱ्यावर ठेवा आणि लगेच झाकण लावा. हवा कमी मिळाल्यानं तो भडकत नाही, धुमसतो. दहा मिनिटांनी दुसरा.

सावकाश

हे मला सुचलं नव्हतं. या रविवारी करतो. झाकणाची झडप किती उघडी ठेवता?

निखारा

अर्धी. आणि झडप मांसाच्या डोक्यावर येईल असं झाकण फिरवा, म्हणजे धूर बाहेर पडण्याआधी मांसावरून जातो.