कक्षेत पोचल्यावर रासायनिक इंजिन हवंच कशाला?

मंदगती (धागाकर्ता):
मुद्दा सरळ मांडतो, मग खुशाल तुटून पडा. जमिनीवरून उठायला रासायनिक रॉकेटच लागणार, त्यावर वाद नाही. पण यान एकदा कक्षेत पोचलं की तिथून पुढे शेकडो किलो इंधन जाळत फिरायची पद्धत आता बंद करावी. पुढचं काम विजेवर चालणाऱ्या इंजिनांकडे, म्हणजे वायूचे विद्युतभारित कण विजेच्या जोरावर मागे फेकणाऱ्या आयन आणि हॉल थ्रस्टरकडे द्यावं. मोहीम आखतानाच तसं ठरवावं, नंतरची जोड म्हणून नको.

कारण त्सिओल्कोव्हस्कीचं समीकरण. १९०३ साली त्यानं ते छापलं आणि आजवर त्यातून कुणाची सुटका झालेली नाही. यानाचा वेग किती बदलता येईल हे दोन गोष्टींवर ठरतं: झोत किती वेगानं मागे फेकला जातो आणि भरलेल्या यानाचं रिकाम्या यानाशी वस्तुमानाचं गुणोत्तर काय. यातलं गुणोत्तर लॉगॅरिदममध्ये अडकलेलं आहे, म्हणून इंधन कितीही कोंबलं तरी फायदा घटत जातो. झोताचा वेग मात्र थेट गुणाकारात येतो. यानांवरच्या नेहमीच्या द्रव इंधनाच्या इंजिनात तो सेकंदाला ३ किलोमीटरच्या आसपास असतो, नासाच्या डॉन यानाच्या आयन इंजिनात ३० च्या आसपास होता.

मंगळयान १,३३७ किलोचं, त्यात इंधनच ८५२ किलो. डॉननं ४२५ किलो झेनॉन वायूवर सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त वेगबदल मिळवला. २०११ मध्ये व्हेस्टा या लघुग्रहाभोवती, तिथून निघून २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाभोवती. पृथ्वीपलीकडच्या दोन खगोलांच्या कक्षेत एकाच यानानं जाणं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. करून दाखवा हे रासायनिक इंजिनानं.

उपभू:
समीकरण बरोबर, पण सांगितलंत अर्धंच. दोन्ही इंजिनांना वेगबदल सारखाच करावा लागतो असं तुम्ही गृहीत धरलंय, आणि घोडं तिथेच अडतं.

पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून कायमचं बाहेर पडायचं आहे असं धरा. जोरदार इंजिन असेल तर सेकंदाला साधारण ३.२ किलोमीटरचा वेगबदल पुरतो. मंद इंजिन चकरा मारत मारत हळूहळू वर चढतं, त्याला ७.७ च्या आसपास लागतो. दुपटीहून जास्त! याचं कारण ओबेर्थ परिणाम. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून यान आधीच वेगात असताना दिलेला तेवढाच धक्का त्याला जास्त ऊर्जा देऊन जातो. सगळ्यात जास्त वेग असतो उपभूपाशी, म्हणजे कक्षेच्या पृथ्वीला सर्वांत जवळच्या बिंदूपाशी, आणि तिथे यान काही मिनिटंच असतं. तेवढ्या वेळात काम उरकायला जोर लागतो.

तुम्ही ज्याच्या इंधनावर बोट ठेवलंत त्या मंगळयानानंच हे केलंय. नोव्हेंबर २०१३ मध्ये उपभूपाशी पुन्हा पुन्हा इंजिन पेटवून अपभू, म्हणजे कक्षेचा पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू, वर वर नेला. ११ नोव्हेंबरला ठरलेली उंची गाठली गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी पूरक धक्का देऊन भरपाई केली. १ डिसेंबरच्या पहाटे यान मंगळाच्या वाटेला लागलं. चुकलेला धक्का चोवीस तासांत भरून काढणारं आयन इंजिन दाखवा.

मंदगती:
ओबेर्थ मान्य, पण तुमचेच आकडे शेवटपर्यंत चालवून बघा. सेकंदाला ३.२ किलोमीटर, झोत ३.१ किलोमीटरचा: यानाचं सुमारे ६४ टक्के वजन इंधनात गेलं. आता ७.७ किलोमीटर, झोत ३० चा: सुमारे २३ टक्के. वेगबदल दुपटीहून जास्त लागूनही इंधन एक तृतीयांशाच्या आसपास! खालच्या कक्षेतून त्याच प्रतलात भूस्थिर कक्षेत (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी दिसतो) जायचं असेल तर फरक आणखी कमी: जोरदार इंजिनाला ३.९, मंद इंजिनाला ४.६. तिथे तर ओबेर्थचं नाव काढण्यातही अर्थ नाही.

घड्याळजी:
दोघंही किलोत मोजताय. दिवसांत कोण मोजणार?

२०१५ च्या मार्चमध्ये बोइंगचे पहिले दोन निव्वळ विजेवर चालणारे दळणवळण उपग्रह एकाच रॉकेटवरून गेले. वजन वाचलं म्हणूनच दोन बसले, तो फायदा नाकारत नाही. पण भूस्थिर कक्षेत नेमून दिलेल्या जागी पोचायला सुमारे सहा महिने लागले. रासायनिक इंजिनवाला उपग्रह हेच काम काही दिवसांत, फार तर आठवड्यांत आटोपतो. सहा महिने उपग्रह कमावत नाही, आणि तेवढा काळ पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी व्हॅन ॲलन पट्ट्यांतून रेंगाळत जाताना सोलर पॅनल किरणोत्सर्गाचा मार खातात ते वेगळंच.

चंद्राचं बघा. युरोपचं स्मार्ट-१ यान हॉल थ्रस्टरवर निघालं सप्टेंबर २००३ मध्ये, चंद्राच्या ओढीत शिरलं नोव्हेंबर २००४ मध्ये. अपोलो ११ निघाल्यावर तीन दिवसांत चंद्राच्या कक्षेत होतं. आत माणसं बसलेली असतील तर त्यांना वर्षभर त्या पट्ट्यांतून फिरवणार का?

मंदगती:
माणसांचं सोडा, माझा मुद्दा यंत्रांपुरता आहे. स्मार्ट-१ ला वर्षाहून जास्त लागलं खरं, पण झेनॉन होता फक्त ८२ किलो. घाई कुणाला होती?

भट्टीवाला:
घाईचा प्रश्न नाही, विजेचा आहे. डॉनच्या इंजिनाचा जास्तीत जास्त रेटा ९० मिलिन्यूटन. तळहातावर कागदाची दोन पानं ठेवा, तेवढा भार! आता मंगळयानाच्या ४४० न्यूटनच्या इंजिनाइतका रेटा ३० किलोमीटरच्या झोतातून काढायचा म्हटलं तर निव्वळ झोतातच ६६ लाख वॉट जातात, इंजिनातली गळती वेगळी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची ती अवाढव्य पॅनलं लाखभर वॉटच्या घरात देतात. झोत जितका वेगवान तितकी प्रत्येक न्यूटनमागे वीज जास्त, यातून पळवाट नाही. इंधनात वाचवलेलं वजन पॅनलांत किती परत येतं तेही मांडा कधीतरी.

वाटाड्या:
इंजिनावरून भांडताय, वाटेबद्दल चकार शब्द नाही. कॅसिनी यान १९९७ मध्ये निघालं, शुक्राजवळून दोनदा, मग पृथ्वीजवळून, मग गुरूजवळून गेलं आणि २००४ मध्ये शनीपाशी पोचलं. लागणारा बहुतेक वेग ग्रहांच्या ओढीतून उचलला. कोरियाचं दानुरी २०२२ मध्ये चंद्राकडे थेट न जाता आधी सूर्याच्या बाजूला लांब गेलं, साडेचार महिन्यांनी परत येऊन चंद्राच्या कक्षेत अलगद शिरलं. सगळ्यात स्वस्त इंधन म्हणजे संयम. (सौर शिडाचा, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या दाबावर जाण्याचा, विषय मुद्दाम काढत नाही. जपानच्या इकारोसनं २०१० मध्ये ते करून दाखवलं, पण तो धागा वेगळा.)

उपभू:
कॅसिनीचं उदाहरण माझ्याच पारड्यात पडतं. एवढं फिरून फिरून शनीपाशी आल्यावर थांबवलं कुणी? रासायनिक इंजिनानं, सलग दीड तासाहून जास्त जळून. ग्रहांनी दिलेला वेग शेवटी ग्रहापाशी उतरवावाच लागतो. तिथे एकच संधी असते, उशीर झाला की यान पुढे निघून गेलं.

मंदगती:
हीच “एकच संधी” मला खुपते. मंगळयानाचं मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस झोपलेलं. दोन दिवस आधी ४ सेकंद पेटवून बघितलं, आणि २४ सप्टेंबर २०१४ ला २४ मिनिटं जळलं, त्यातला काही वेळ यान मंगळाआड, संपर्क नाही. जमलं, कौतुकच आहे. पण जपानच्या अकात्सुकीचं ७ डिसेंबर २०१० ला शुक्रापाशी इंजिन मध्येच बंद पडलं आणि यान सूर्याभोवती भटकत राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या एनव्हीएस-०२ या दिशादर्शन उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं रसायन) सोडणारी झडपच उघडली नाही, उपग्रह लांबट कक्षेतच राहिला.

उलट २०१० मध्ये अमेरिकेच्या एईएचएफ-१ या लष्करी दळणवळण उपग्रहाचं मुख्य रासायनिक इंजिन निकामी झालं, तेव्हा हायड्रेझिन या रासायनिक इंधनावरचे छोटे थ्रस्टर आणि हॉल थ्रस्टर यांनी मिळून त्याला सुमारे चौदा महिन्यांत भूस्थिर कक्षेत नेऊन बसवलं. आणि डॉन व्हेस्टाच्या ओढीत नेमकं कुठल्या क्षणी शिरलं हे नंतर हिशेब करून ठरवावं लागलं. इंजिन रोजच्यासारखं चालू होतं, दिवस वाया गेला असता तर दुसऱ्या दिवशी शिरलं असतं. छातीत धडधड नाही, काही नाही.

उपभू:
अकात्सुकीची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. बरोबर पाच वर्षांनी, ७ डिसेंबर २०१५ ला ते शुक्राच्या कक्षेत गेलं, तेही यानाचा रोख वळवायला ठेवलेल्या छोट्या थ्रस्टरांवर. तेही हायड्रेझिनचेच. आणि तुमचं लाडकं डॉन २०१८ मध्ये संपलं कशानं? हायड्रेझिन संपून. दिशा धरणारी फिरती चाकं एकेक करून बिघडली, ते काम हायड्रेझिनवर आलं, ते आटल्यावर अँटेना पृथ्वीकडे आणि पॅनलं सूर्याकडे रोखून धरणं अशक्य झालं.

मंदगती:
दिशा धरण्याच्या कामावर मी बोललोच नव्हतो. तेही सुटतंय. २०२३ मध्ये निघालेलं सायकी यान हॉल थ्रस्टरवर जातंय आणि दिशेसाठी त्यावर दाबाखालचा नायट्रोजन आहे. जाळायचं काहीच नाही.

भट्टीवाला:
सायकी लघुग्रहापाशी जातंय, व्हेस्टाही तसाच. तिथली ओढ किरकोळ, म्हणून अलगद शिरणं जमतं. गुरूपाशी जाऊन दाखवा. तिथे ऊन पृथ्वीच्या ४ टक्क्यांहून कमी. गुरूकडे गेलेल्या नासाच्या ज्युनो यानाची तीन लांबलचक पॅनलं पृथ्वीपाशी १४,००० वॉटच्या आसपास देऊ शकतात, गुरूपाशी मिळून साधारण ५००. जुलै २०१६ मध्ये ज्युनोला कक्षेत टाकलं ते ६४५ न्यूटनच्या इंजिनानं, ३५ मिनिटांत. त्या ५०० वॉटवर काय कराल?

मंदगती:
गुरूसाठी ऊन नको, छोटी अणुभट्टी न्या. वीजच वीज.

भट्टीवाला:
बोलाचीच कढी! अमेरिकेनं कक्षेत अणुभट्टी पाठवली ती एकदाच, १९६५ मध्ये. ४३ दिवस चालली आणि मिळाले ५०० वॉटच्या आसपासच. सोव्हिएतांनी बऱ्याच पाठवल्या, पण त्याही काही हजार वॉटच्या आणि पृथ्वीभोवतीच. गुरूसाठी लागणारी भट्टी, तिची उष्णता बाहेर टाकणारी पॅनलं आणि त्यांचं वजन, हे सगळं धरून तुमचं २३ टक्क्यांचं गणित पुन्हा मांडा, मग बोलू.

मंदगती:
मांडतो. पण मग तुम्हीही रासायनिक इंजिनाच्या बाजूनं सेरेसचा हिशेब मांडा, व्हेस्टावरून निघून.